लस, ऑटिझम आणि माझ्या भाभीचा प्रश्न

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी भाची नऊ महिन्यांची झाली आणि आशाताई निरोप घेऊन आल्या, "बुधवारी अंगणवाडीत या, बाळाची गोवर-रुबेलाची लस आहे." भाभी हो म्हणाली आणि गेली नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा निरोप आला. तेव्हा बाळाला सर्दी होती. तिसऱ्यांदा पाहुणे येणार होते. चौथ्यांदा आशाताई पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "भाभी, खरं काय ते सांगा, मला रजिस्टरमध्ये काहीतरी लिहावं लागतं."

भाभी काही बोलली नाही. आशाताई गेल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. पांढरा कोट घातलेला एक माणूस सांगत होता की गोवराची लस दिल्यावर मुलांचं बोलणं बंद होतं, त्यांना ऑटिझम होतो आणि सरकार हे लपवतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आपल्या कौमपर्यंत पोचवा.'

मी हसण्यावारी नेणार होते, तेवढ्यात भाभी म्हणाली, "हसू नकोस. मोठ्याला दुसरा डोस दिला त्याच महिन्यात तो बोलायचा थांबला. मीच त्याला मांडीवर घट्ट धरलं होतं. आता हिलाही धरू?"

माझा मोठा भाचा आता सहा वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. दीड वर्षाचा होईपर्यंत तो 'अम्मी' म्हणायचा, 'पानी' म्हणायचा. मग हळूहळू ते शब्द गेले. घरात आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. पण भाभी चार वर्षं हा हिशोब मनात ठेवून बसली आहे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. डोस कधी, शब्द कधी गेले, मांडीवर कुणी धरलं, सगळं तिला पाठ होतं.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. भाभीला मी एवढंच म्हटलं, "मला आठ दिवस द्या. मी वाचते आणि जे आहे ते सांगते." त्या आठ दिवसांत जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे, कारण हाच व्हिडिओ तुमच्याही घरच्या ग्रुपवर आला असणार.

ही गोष्ट सुरू कुठे झाली?

लंडनमध्ये, १९९८ साली. अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरनं काही सहकाऱ्यांबरोबर 'द लॅन्सेट' या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध छापला. त्यात मुलं होती किती? बारा. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस, म्हणजे एमएमआर, दिल्यानंतर या मुलांमध्ये आतड्यांचे आणि वागण्याचे त्रास सुरू झाले, असं त्यात सुचवलं होतं. संबंध सिद्ध झाला, असं निबंधातही म्हटलेलं नव्हतं. पण पत्रकार परिषदेत वेकफिल्डनं एकत्रित लस थांबवून तिन्ही लसी वेगवेगळ्या द्या, असं सांगितलं आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळाला.

पुढे 'संडे टाइम्स'चा पत्रकार ब्रायन डीअर या प्रकरणाच्या मागे लागला. २००४ पासून एकेक गोष्ट बाहेर येत गेली. लस कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्डला पैसे मिळत होते आणि ते त्यानं जाहीर केलं नव्हतं. निबंधाच्या आदल्या वर्षी त्यानं गोवराच्या स्वतःच्या लसीसाठी पेटंटचा अर्ज केला होता. बाराही मुलं लसीआधी अगदी ठीक होती असं निबंधात लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्यांतल्या पाच मुलांच्या नोंदींत आधीपासूनच काळजीच्या गोष्टी होत्या. ज्या नऊ मुलांना बोलणं-चालणं मागे जाणारा ऑटिझम आहे असं म्हटलं होतं, त्यांतल्या तिघांना ऑटिझमचं निदान कधी झालंच नव्हतं.

२००४ मध्ये तेरापैकी दहा लेखकांनी निबंधातल्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं. फेब्रुवारी २०१० मध्ये लॅन्सेटनं तो निबंध रद्द केला. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेनं वेकफिल्डचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं या निबंधाला सरळ फसवणूक म्हटलं.

म्हणजे 'सरकार सत्य लपवतं' असं सांगणाऱ्या गोष्टीच्या मुळाशी स्वतःचे पैसे लपवणारा माणूस निघाला. भाभीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तो खोटा होता, मान्य. पण म्हणून माझ्या मुलाचं झालं ते खोटं कसं?"

प्रश्न बरोबर होता. एक माणूस खोटा निघाल्यानं दावा आपोआप खोटा ठरत नाही. दावा तपासायला मोजावं लागतं.

मोजलं तर काय निघतं?

मोजलं गेलं, आणि पुष्कळ मोजलं गेलं. डेन्मार्कमध्ये जन्मापासून प्रत्येकाची आरोग्याची नोंद असते. कोणाला लस दिली, कोणाला नाही आणि पुढे कोणाला ऑटिझमचं निदान झालं, हे तिथे जुळवून पाहता येतं. तिथल्या संशोधकांनी १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या ६,५१७ मुलांना ऑटिझमचं निदान झालं होतं. एमएमआर घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण वेगळं निघालं नाही. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २००२ मध्येही डेन्मार्कच्याच पाच लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला होता. निष्कर्ष तोच.

आता भाभीच्या घरचा प्रश्न. मोठ्या मुलाला ऑटिझम असेल तर धाकट्याला लस देणं धोक्याचं आहे का? कारण अशा घरात धाकट्या भावंडाला ऑटिझम असण्याची शक्यता मुळातच थोडी जास्त असते. त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. हा प्रश्नही संशोधकांनी वेगळा काढून तपासला आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत ज्यांना मोठं भावंड आहे अशा सुमारे ९५ हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मोठ्या भावाला किंवा बहिणीला ऑटिझम होता, त्या मुलांमध्येही लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. डेन्मार्कच्या २०१९ च्या अभ्यासातही अशी भावंडं वेगळी पाहिली होती. तिथेही तेच.

जपाननं १९९३ मध्ये एमएमआर देणं थांबवलं. योकोहामात त्यानंतर जन्मलेल्या मुलांचा अभ्यास झाला, तर लस बंद होऊनही ऑटिझमच्या नोंदी वाढतच गेल्या होत्या. काहीजण लसीतल्या पाऱ्याचं नाव घेतात. थायमेरोसल हे पारायुक्त संरक्षक द्रव्य अमेरिकेनं २००१ पर्यंत लहान मुलांच्या नेहमीच्या लसींतून काढून टाकलं. ऑटिझमचे आकडे काही उतरले नाहीत. आणि गोवराच्या लसीत ते कधी नव्हतंच, कारण ही जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची लस आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर आणि रुबेला या दोनच रोगांची एमआर लस मिळते. वरचे अभ्यास ज्या एमएमआरचे आहेत तिच्यात गालगुंडाची भर असते, एवढाच फरक.

मग ऑटिझमचे आकडे वाढतात का? मोठं कारण असं की निदानाची व्याख्या रुंदावली आणि लोकांना हा शब्द कळू लागला. ज्या मुलांना आपल्या आजीच्या काळात 'मंद', 'वेडं', 'असर झालेलं' म्हणून कोपऱ्यात बसवत, त्यांना आज नीट नाव मिळतं.

मग तो त्याच महिन्यात का थांबला?

सर्वांत अवघड प्रश्न हाच होता. वेळापत्रक पाहिलं तर उत्तर मिळतं. एमआरचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत असतो, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. ऑटिझमची लक्षणं घरच्यांच्या नजरेत भरतात तीही याच वयात, दीड ते दोन वर्षांच्या सुमाराला, कारण मूल बोलेल, बोट दाखवेल, नक्कल करेल अशी अपेक्षा तेव्हाच सुरू होते. काही मुलांचे आलेले शब्द याच काळात जातातही. देशातल्या लाखो मुलांना दुसरा डोस याच वयात मिळतो, त्यामुळे काही मुलांच्या बाबतीत डोस आणि लक्षणं एकाच महिन्यात येणारच. लस दिली नसती तरी तो महिना आलाच असता, आणि मग भाभीनं दुसरं काहीतरी आठवलं असतं: एखादा ताप, एखादं पडणं, कुणाची तरी नजर.

मेंदूच्या घडणीतला हा फरक जन्माआधीच सुरू होतो, असं संशोधन सांगतं. परदेशात संशोधकांनी पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या मुलांच्या पहिल्या वाढदिवसाची घरगुती चित्रणं तपासली. त्यांत नावानं हाक मारल्यावर न वळणं, डोळ्याला डोळा न देणं, बोट न दाखवणं अशा खुणा बऱ्याच मुलांमध्ये दिसल्या होत्या.

हे वाचलं आणि मला आमच्याकडचा व्हिडिओ आठवला. भाच्याचा पहिला वाढदिवस. भाभी आणि मी तो पुन्हा लावला. खोलीभर माणसं आहेत, सगळे त्याला नावानं हाका मारतायत, अब्बा टाळ्या वाजवतायत, भाऊ मोबाईल धरून "इकडे बघ, इकडे बघ" करतोय. आणि तो फुग्याच्या दोरीकडे बघतोय. एकदाही वळत नाही. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, "किती शांत पोरगं आहे!"

भाभीनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग म्हणाली, "तेव्हाच होतं."

एका व्हिडिओनं काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पहिला डोस त्याआधीच झाला होता, असंही कुणी म्हणेल. सिद्ध होतं ते साडेसहा लाख मुलांच्या मोजणीत. पण दुसऱ्या डोसाच्या ज्या महिन्याचं ओझं भाभी वाहत होती, तो महिना त्या दिवशी तिच्या मांडीवरून उतरला. लसीच्या अफवेचं हे दुसरं नुकसान फारसं कुणी मोजत नाही. ती धाकट्याला लसीवाचून ठेवते, आणि मोठ्याच्या आईला गुन्हेगार करते.

आपला अविश्वास आणि त्याची किंमत

आता थोडं आपल्याबद्दल. मुस्लिम मोहल्ल्यात लसीबद्दल शंका निघाली की बाहेरचे लोक म्हणतात, "हे लोक असेच, अडाणी." मला हे मान्य नाही. अविश्वासाला कारणं आहेत. आणीबाणीतली नसबंदी आपल्या आजी-आजोबांनी पाहिली आहे. २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी सीआयएनं खरोखरच हेपटायटिस बी लसीकरणाची खोटी मोहीम चालवली. त्याची किंमत तिथल्या पोलिओ कार्यकर्त्यांनी जिवानं मोजली. २०१४ मध्ये अमेरिकेला जाहीर करावं लागलं की यापुढे हेरगिरीसाठी लसीकरणाचा वापर करणार नाही. तेव्हा शंका घेणारा माणूस मूर्ख नसतो. पण त्या शंकेचा फायदा कोण उठवतं, ते पाहायला हवं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सोमालियातून आलेला मोठा मुस्लिम समाज आहे. २००८ च्या सुमाराला तिथल्या पालकांच्या लक्षात आलं की शाळांच्या ऑटिझमच्या वर्गांत आपली मुलं बरीच दिसतात. त्यांनी विचारलं, का? त्यांना लवकर आणि त्यांच्या भाषेत नीट उत्तर मिळालं नाही. ती रिकामी जागा लसविरोधी मंडळींनी भरली. ब्रिटनमध्ये परवाना गेलेला हाच वेकफिल्ड तिथे जाऊन त्या पालकांना भेटला. २००४ मध्ये या समाजातल्या दोन वर्षांच्या ९२ टक्के मुलांना एमएमआर मिळालेली होती. २०१४ पर्यंत हे प्रमाण ४२ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये गोवराची साथ आली. ७५ रुग्ण निघाले आणि त्यांतले बहुतेक सोमाली घरांतले होते. लस घेणं निम्म्याहून कमी झालं, ऑटिझम मात्र कमी झाला नाही. पालकांचा प्रश्न खरा होता. त्यांना विकलेलं उत्तर खोटं होतं, आणि भोगलं मुलांनी.

आपल्या देशातही हे घडलेलं आहे. 'पोलिओच्या थेंबांनी मुलं वांझ होतात' ही अफवा आठवते? २००२ मध्ये भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले, त्यांतले बाराशेहून जास्त उत्तर प्रदेशात, आणि त्यांत मुस्लिम मुलांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा खूप जास्त होतं. ही परिस्थिती पोलिसांनी बदलली नाही. मशिदींतून घोषणा झाल्या, मदरशांत बूथ लागले, अलिगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लियासारख्या संस्था पुढे आल्या, आणि मोहल्ल्यातल्याच बायका दारोदार गेल्या. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त ठरलो. म्हणजे उत्तर आपल्याच माणसानं, आपल्याच भाषेत दिलं तर लोक ऐकतात.

आणि उत्तर नाही मिळालं तर काय होतं, ते आपण २०२२ मध्ये मुंबईत पाहिलं. ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडीच्या रफीनगरात एकाच कुटुंबातली तीन लहान मुलं गोवरानं गेल्याची बातमी आली. मग साथ भिवंडी आणि मालेगावपर्यंत दिसली. सगळा दोष आईबापांच्या नकारावर टाकणं खोटं ठरेल. कोविडच्या काळात डोस राहून गेले होते, मुलं कुपोषित होती, एका खोलीत आठ-आठ माणसं होती, आरोग्य केंद्रं अपुरी होती. पण या सगळ्यावर अफवाही बसलेली होती, हेही तितकंच खरं.

गोवर म्हणजे 'अंगावर येतं आणि जातं' असं आपल्याकडे मानतात. तो इतका साधा नाही. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहतो. लस न घेतलेली दहा माणसं त्याच्या जवळ आली तर नऊ जणांना लागण होते. न्यूमोनिया, जुलाब, कानातला पू, डोळ्यांचं नुकसान, क्वचित मेंदूला सूज, हे सगळं त्याच्यामागून येतं. शिवाय आधीच्या आजारांमधून शरीरानं मिळवलेली प्रतिकारशक्तीही तो बरीचशी पुसून टाकतो, म्हणून गोवर झालेलं मूल पुढे कितीतरी महिने आजारी पडत राहतं. साथ रोखायची तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. नऊ महिन्यांखालच्या बाळाला सहसा लस देत नाहीत. त्याचं रक्षण शेजारच्या मुलांच्या लसीनंच होतं. माझ्या भाचीचा डोस हा फक्त आमच्या घरचा प्रश्न नव्हता.

"पण अमेरिकेचा मंत्रीच म्हणतो..."

भावाचा प्रश्न हा होता. २०२५ पासून अमेरिकेचे आरोग्यमंत्री असलेले रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी वर्षानुवर्षं लस आणि ऑटिझमचा संबंध जोडला आहे, हे खरं. पण खुर्ची मिळाल्यानं पुरावा तयार होत नाही. ते मंत्री झाले त्याच वर्षी टेक्सासमध्ये गोवराची मोठी साथ आली आणि लस न घेतलेली दोन मुलं तिथे दगावली. आपल्याकडे सरकार म्हणतं म्हणून घ्यायचं नाही आणि तिकडचा मंत्री म्हणतो म्हणून मानायचं, हा कुठला हिशोब?

अम्मीचा प्रश्न वेगळा होता: "हलाल आहे का?" लस टिकावी म्हणून काही लसींत जिलेटिन वापरतात, म्हणून हा प्रश्न जगभरच्या मुस्लिमांनी विचारला आहे. १९९५ मध्ये कुवेतला झालेल्या इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिसंवादात उलेमांनी असं मत दिलं की मूळ पदार्थ पूर्ण बदलून गेला की त्याचा हुकूमही बदलतो. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनं ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या पुण्यात बनणाऱ्या एमआर लसीबद्दलच फतवा दिला. तो जास्त कडक होता. निर्मितीत डुकरापासूनचा घटक असल्यानं मुळात हराम, पण हलाल पर्याय नाही आणि न दिल्यास मुलांना धोका आहे, म्हणून जरुरत म्हणून मुभा. दोन वेगळ्या वाटांनी दोघेही एकाच जागी आले: मुलाला लस द्या.

आणि एक गंमत. गोवर आणि देवी हे दोन वेगळे आजार आहेत, हे हजार वर्षांपूर्वी अल-राझीनं लिहून ठेवलं. त्याच्या पोस्ट आपण अभिमानानं फॉरवर्ड करतो. १८९७ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि हाफकिनच्या नव्या लसीला लोक घाबरले, तेव्हा विशीतल्या आगाखानांनी लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. हाही आपलाच इतिहास आहे. मग ज्या ग्रुपवर सकाळी अल-राझी येतो, त्याच ग्रुपवर संध्याकाळी गोवराच्या लसीविरुद्धचा व्हिडिओ का चालतो?

तुम्ही काय करू शकता?

घरातली शिकलेली पोरं आपण आहोत. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असं स्टेटस ठेवून आपलं काम होत नाही. भाभीला तसं म्हटलं असतं तर तिनं व्हिडिओ लपवला असता आणि डोस चुकवला असता. तिला ऐकून घेणारं माणूस हवं होतं.

म्हणून आधी विचारा, भीती नेमकी कशाची आहे. मग बरोबर जा. आईला एकटीला अंगणवाडीत पाठवू नका. लस देण्याआधी नर्सबाईंना विचारा: कोणती लस आहे, कशासाठी आहे, नंतर काय होऊ शकतं? हे विचारणं आपला हक्क आहे. लसीनंतर ताप येऊ शकतो, काही मुलांना पुरळ येतं, कधीतरी तापामुळे झटका येतो. तीव्र अ‍ॅलर्जी अगदी विरळा, दहा लाखांत एखाद्याला होते, आणि त्यासाठीच अर्धा तास तिथे थांबायला सांगतात. हे त्रास खरे आहेत आणि ते उघड सांगितले पाहिजेत. ऑटिझम त्या यादीत नाही. डोस चुकला असेल तर पाच वर्षांचं होईपर्यंत मुलाला एमआर मोफत मिळते. 'आता उशीर झाला' म्हणून सोडू नका.

दुसरं, ऑटिझमची भीती असेल तर ऑटिझमकडेच बघा. वर्षाचं मूल नावाला वळत नसेल, दीड वर्षाचं बोट दाखवत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल किंवा आलेले शब्द कधीही जात असतील, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या लवकर निदान आणि उपचार केंद्राची चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. आम्ही दोन वर्षं दम, तावीज आणि नवसात घालवली. त्या दोन वर्षांत थेरपी झाली असती.

आणि तिसरं, जे मला सगळ्यांत उशिरा कळलं. 'लसीमुळे ऑटिझम होतो' हे वाक्य मोठ्या आवाजात बोललं जातं तेव्हा खोलीत बहुतेक वेळा एखादं स्वमग्न मूल बसलेलं असतं. त्याच्यासमोर आपण म्हणत असतो की तुझ्यासारखं मूल होण्यापेक्षा गोवर परवडला. माझा भाचा कमी बोलतो, पण ऐकतो सगळं.

पुढच्या बुधवारी आम्ही सगळे गेलो. भाची सुई लागली तेव्हा रडली आणि व्हिटॅमिन ए पाजल्यावर गप्प झाली. भाच्याला रडण्याचा आवाज सहन होत नाही. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि थोड्या वेळानं एक हात काढून बहिणीच्या कानावर ठेवला. भाभी त्याच्याकडे बघत राहिली. रात्री भाचीला थोडा ताप आला, सकाळी उतरला. दुसरा डोसही आता झाला आहे.

उंट बांधून मग तवक्कुल करायची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज घरी गेल्यावर एवढंच करा: घरातल्या सर्वांत लहान मुलाचं लसीचं कार्ड मागून घ्या आणि गोवर-रुबेलासमोरच्या दोन चौकटी भरल्या आहेत का ते पाहा. एखादी रिकामी दिसली तर ओरडू नका. आईच्या शेजारी बसा आणि विचारा, कशाची भीती वाटते?